तयार पोरींची टीम आणि माझे शंकरपाळे

तीन वर्षं त्या माणसानं माझे शंकरपाळे खाल्ले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे रागाच्या भरात राहून जाईल.

महिन्यातून दोन शनिवारी सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सकाळी घाण्यावर घाणे काढायची, दोन मोठे डबे भरायची आणि लेकीच्या युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्‌स हॉलवर न्यायची. एक डबा मुलींच्या बास्केटबॉल टीमला. दुसरा, अख्खा दुसरा, त्यांच्या कोचला. "आँटी, हे फार डेंजरस आहे, थांबताच येत नाही," असं म्हणत तो मुठीमुठीनं खायचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा माणूस, डोक्यावर माझ्या निम्मेही केस नाहीत, आणि मला आँटी! तेही मी पोटात घातलं. कारण माझी लेक त्याच्या टीमच्या बाकावर होती.

बाकावर म्हणजे अगदी बाकावर. पहिल्या वर्षी ठीक होतं, पुढे सीनियर मुली होत्या. दुसऱ्या वर्षीही त्याच होत्या. तिसऱ्या वर्षी तिला आत पाठवायचे, पण मॅच पुरती हरली किंवा पुरती जिंकली की मगच. नवरा म्हणायचा, "आपली मुलगी खेळाडू नाही गं, प्रेक्षकच आहे. फक्त जागा फार चांगली मिळालीय." मी त्याच्याकडे असं पाहायची, की तो उठून कपडे वाळत घालायला जायचा.

पण चौथं वर्ष तिचं होतं. पाच सीनियर पदवी घेऊन गेल्या होत्या आणि पाच जागा रिकाम्या झाल्या होत्या. रांगेत पुढे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शिवाय हे सिंगापूर. इथे लोक लिफ्टसाठी रांग लावतात, टॅक्सीसाठी लावतात, लॉटरीच्या तिकिटासाठी तर ब्लॉकला वळसा घालून लावतात. हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जेवण आणायला गेलात, तर परत येईपर्यंत त्या खुर्चीला कोणी हात लावत नाही. एवढ्याशा पाकिटाचा एवढा मान! माझ्या लेकीनं तर पाकीट ठेवलं नव्हतं, तीन वर्षं स्वतःलाच त्या बाकावर ठेवलं होतं.

ऑगस्टमध्ये नवी टर्म सुरू झाली आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी बारा जणींची यादी लागली. लागली म्हणजे टीमच्या टेलिग्राम ग्रुपवर पडली, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. मी पाया लेबारच्या ऑफिसात लिफ्टमध्ये होते. लेकीचा मेसेज आला: "नॉट इन." दोनच शब्द. बारा नावं, आणि माझी लेक तेरावी, राखीव.

आणि तिच्या पुढे कोण? तीन नवी नावं. एक पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात शिरलेली. एक मास्टर्स करायला आलेली, वयानं सगळ्यांची ताई. आणि तिसरी इथल्याच दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून दोन वर्षांनी कोर्स बदलून आलेली, इतकी उंच की दारातून येताना मान आपोआप खाली जायची. तिघींपैकी एकीनंही आमच्या बाकावर एक दिवस काढला नव्हता. आल्या त्या थेट कोर्टवर.

"अगं, कंपन्या हेच करतात," नवरा म्हणाला. "शिकवत कोण बसतं? तयार माणूस घ्यायचा."

"कंपन्या माझे शंकरपाळे खात नाहीत," मी म्हटलं.

लेकीनं दाराबाहेरच्या रॅकमधून बास्केटबॉलचे बूट उचलले, वॉशिंग मशीनच्या मागे सारले आणि खोलीत जाऊन दार लावलं. आदळलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं हळूच लावलं.

चार दिवस मी धुमसत होते. शनिवार आला. लेकीला म्हटलं, मी मुस्तफात किराणा आणायला जाऊन येते. आणि डबा घेऊन निघाले ती थेट तिच्या युनिव्हर्सिटीत. नेमका प्रॅक्टिस संपायच्या वेळी पोहोचले. कोच कॅन्टीनमध्ये कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसला होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. मला नव्हे, डब्याला पाहून.

मी डबा त्याच्यासमोर ठेवला. त्यानं लगबगीनं झाकण उघडलं. डबा रिकामा होता.

"आँटी? रिकामा?"

"हो. तीन वर्षं थांबून शेवटी रिकामा डबा मिळाला की कसं वाटतं, ते कळावं म्हणून आणला."

हा प्रवेश मी घरून निघतानाच बसवला होता आणि तो, माझ्याच तोंडानं सांगते, अप्रतिम झाला. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुलांनी नूडल्स खायचं थांबवलं. कोचही वाईट माणूस नव्हता. त्यानं डब्याचं झाकण नीट लावलं, मला बसायला सांगितलं आणि समोरच्या स्टॉलकडे हात केला.

"ते पाहा, आँटी. इकॉनॉमी राईस. भात ताटलीत वाढलेलाच असतो. आपण फक्त बोट दाखवायचं. हा मासा, ती कोबी, ते अंडं. दोन मिनिटांत जेवण तयार. माझं तसंच आहे. मुली माझ्याकडे तीन-चार वर्षं असतात. त्यात परीक्षा, इंटर्नशिप, सहा महिने कोणी युरोपला. मी शिजवणार कधी? उंच मुलगी पाहिजे, बोट दाखवतो. लांबून बास्केट टाकणारी पाहिजे, बोट दाखवतो."

"आणि दाखवता कुठे जाऊन?"

आता तो रंगात आला. स्वतःच्या धंद्याचं गुपित सांगताना माणूस कसा होतो! पुढे झुकला, आवाज खाली आणला. "सगळे कोच दुसऱ्यांच्या मॅचला जाऊन कोर्ट बघतात. मी कोर्ट बघतच नाही. कोर्टवरची स्टार मुलगी कोणालाही दिसते, आणि ती येतही नाही. मी बाक बघतो. एक जण फोन बघत असते, ती नको. एक जण टाळ्या वाजवत असते, ती छान मुलगी, पण नको. एक जण दातओठ खात बसलेली असते. बूट घट्ट बांधलेले, डोळे कोर्टवर. ती मला पाहिजे. ही उंच मुलगी तिकडे दोन वर्षं बाकावर होती. मी जाऊन विचारलं, आमच्याकडे येतेस का? आँटी, ती रडली."

माणूस हुशार होता, यात शंका नव्हती, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं.

"म्हणजे," मी म्हटलं, "अख्ख्या सिंगापूरचे बाक तुम्हाला दिसतात. तुमच्या स्वतःच्या पाठीमागचा तेवढा दिसत नाही. तिथे एक मुलगी तीन वर्षं दातओठ खात बसली होती."

नूडल्सवाल्या मुलांपैकी एक जण हळूच "वा लाउ" म्हणाला. इथे टाळी वाजवण्याऐवजी हेच म्हणतात.

त्या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. पण मला टाळीनंतर थांबता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. मी उभी राहिले, आवाज चढवला आणि म्हणाले, "बाहेरून पोरी आणता, आणि त्या येऊन आमच्या मुलींच्या जागा खातात!"

बोलले इंग्रजीत, पण माझ्या कानात ते मराठीत वाजलं.

आणि मी वळले, तर मागे ती उंच मुलगी उभी. हातात ट्रे, ट्रेमध्ये भात, कोबी, अंडं. ती आमच्याच टेबलाकडे येत होती, बहुधा कोचशी काही बोलायला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे. वळली, आणि कॅन्टीनच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे पंखाही नव्हता, तिथे जाऊन बसली. चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

आता मला तीस वर्षं मागे जायला हवं.

आमच्या वस्तीतून इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिली मुलगी. सरकारी कॉलेज, हॉस्टेल, मेस. पहिल्याच आठवड्यात मेसच्या रांगेत माझ्या मागे उभी असलेली एक मुलगी तिच्या मैत्रिणीला म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात: "हे लोक बाहेरून येतात आणि आमच्या मुलांच्या जागा खातात." तेच वाक्य. फक्त मी त्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होते.

ही गोष्ट इथल्या आमच्या सगळ्या लोकांना पाठ आहे. दर जयंतीला आम्ही पंधरा-वीस कुटुंबं कोणाच्या तरी कॉन्डोचा हॉल घेऊन जमतो. वंदना होते, मुलं भाषणं करतात, खीर वाटली जाते आणि मग कोणीतरी म्हणतं, "ताई, ती मेसची गोष्ट होऊ दे." मग मी उठते. मागच्या मुलीचा नाकातला आवाज काढते, वाढप्याचं हलणारं डोकं करून दाखवते आणि शेवटी सावकाश मागे वळून म्हणते, "जागा खात नाहीये, ताई, सध्या भात खातेय. आणि तोही तुझ्याइतकाच मोजून वाढलाय!" हॉलमध्ये टाळ्या, शिट्ट्या. माझी लेक तीन वर्षांची असल्यापासून पुढच्या रांगेत बसून ती गोष्ट ऐकत आलीय.

मी डबा उचलला आणि घरी आले. त्या उंच मुलीशी बोलायला गेले नाही. पाय गेले नाहीत.

घरी लेक हॉलमध्ये उभीच होती, हातात फोन. मी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती.

"आई, मुस्तफात काय काय मिळालं?"

मी रिकामा डबा पाठीमागे धरला.

"तिनं मला मेसेज केलाय. विचारतेय, 'युअर मम डझंट लाइक मी, इज इट?' तू काय बोललीस तिला?"

"तिला नाही बोलले. त्या कोचला बोलले."

"तिनं ऐकलं ना पण! 'बाहेरून येतात, जागा खातात'? तू? जयंतीला ती गोष्ट सांगतेस, अ‍ॅक्शनसकट, ती तूच ना? सो एम्बॅरसिंग लाह, आई!"

"तुझ्यासाठीच भांडायला गेले होते."

"मी सांगितलं होतं भांडायला?" तिचा आवाज फाटला. "आता सगळ्यांना वाटणार, मीच पाठवलं. आणि तिनं... तिनं तुझ्यासारखं तिथेच वळून उत्तर द्यायला हवं होतं तुला. सॉलिड."

हे मात्र मला सहन झालं नाही. ट्रे घेऊन गेलेल्या त्या मुलीची पाठ डोळ्यांपुढे होती.

"मी दिलं नव्हतं," मी म्हटलं.

"काय?"

"उत्तर. मी वळलेच नव्हते. ताट घेऊन लांबच्या टेबलावर जाऊन बसले. तिथला पंखा बंद होता. जेवलेही नाही. ते भाताचं वाक्य मला दोन वर्षांनी सुचलं, लायब्ररीत."

स्वयंपाकघरात भांड्यांवर पडणारं पाणी थांबलं. नवरा ओल्या हातांनी दारात आला. "अगं, वीस वर्षं मी टाळ्या वाजवतोय त्या वाक्याला!"

"वाक्य चांगलं होतं," मी म्हटलं.

तो हसला. लेक हसली नाही. पुढच्या रांगेत बसून ऐकलेल्या सगळ्या जयंत्या ती मनातल्या मनात तपासून पाहत होती, असं मला वाटलं. मग म्हणाली, "म्हणजे तू कोणाला तोंडावर कधी विचारलंच नाहीस. आणि मीपण नाही." तिनं वॉशिंग मशीन पुढे ओढलं, मागून बूट काढले आणि त्यांच्यावरची धूळ झटकली. "सोमवारी मी विचारते. तू यायचं नाही. डबापण नाही."

सोमवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत मी काय काय केलं, ते विचारू नका. दोन वेळा ओटा पुसला. नवऱ्याशी तीन विषयांवर भांडले. लेक आली, बूट काढले आणि टेबलाशी बसली.

"विचारलं, मला का नाही घेतलं. तोंडावर सांगा म्हटलं, ग्रुपवर नको."

"मग?"

"म्हणाला, मला डावा हात नाही."

"डावा हात नाही?" मी ओरडले. "मी जन्माला घातलीय तुला! दोन्ही हात मोजून घेतलेत मी नर्सकडून!"

"आई, ड्रिबलिंग. मी नेहमी उजवीकडेच जाते. समोरच्या टीमला दहा मिनिटांत कळतं आणि त्या मला उजवीकडून अडवतात. तो म्हणाला, पहिल्या वर्षापासून असंच आहे."

"पहिल्या वर्षापासून?"

"हां."

"त्याला पहिल्या वर्षापासून माहीत होतं?"

"आई, मी तेच विचारलं. मग सांगितलं का नाही? तो म्हणाला..." तिनं स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "म्हणाला, त्याला वाटलं, मला माहीत असेल."

वाचकहो, इतका वेळ जो राग सांगत होते तो लुटुपुटूचा होता. खरा राग मला त्या रात्री आला, आणि तो अजून उतरलेला नाही. बाहेरून मुली आणल्या, हरकत नाही. त्यांनी जागा मिळवली, मिळवू देत, त्याही कुठल्या तरी बाकावरूनच उठून आल्या होत्या. पण एक मुलगी तीन वर्षं तुमच्या हाताच्या अंतरावर बसलीय, तिचं नेमकं काय चुकतंय हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि एक वाक्य, फक्त एक वाक्य तिला सांगायला तुम्हाला वेळ नाही? तोंड शंकरपाळ्यांनी भरलेलं होतं म्हणून? तयार पदार्थाकडे बोट दाखवायची सवय लागली, की घरातल्या पातेल्याखाली गॅस पेटवायचाही राहून जातो. हाच माणूस दुसऱ्यांच्या बाकावरच्या मुलीच्या बुटाची गाठसुद्धा टिपतो!

यादी बदलली नाही. ती बदलेल असं लेकीलाही वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात डाव्या हाताचं राज्य सुरू झालं. ती डाव्या हातानं दात घासायला लागली, डाव्या हातानं कोथिंबीर चिरायला लागली. एक दिवस डाव्या हातानं वरणभात कालवायला घेतला तेव्हा माझ्या तोंडून "अगं!" निघालं, पण मी ते गिळलं. नवरा मान खाली घालून जेवत राहिला.

आणि संध्याकाळी आमच्या ब्लॉकमागच्या कोर्टवर तिला डावी बाजू शिकवायला कोण यायचं? तीच. उंच मुलगी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेंगकांगला राहायची. क्लास संपला की आधी आमच्याकडे, मग तासाभराहून जास्त एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसून घरी. लेकीनं तिला काय सांगितलं, कसं जुळलं, मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क मी कॅन्टीनमध्ये घालवला होता.

तिसऱ्या दिवशी मी खाली गेले. या वेळी डबा भरलेला. दोघी घामानं निथळत होत्या. मी त्या मुलीसमोर उभी राहिले. काय आश्चर्य, एकही वाक्य बसवलेलं नव्हतं.

"त्या दिवशी मी बोलले ते चूक होतं," मी म्हटलं. "राग तुझ्यावर नव्हता. पण बोलले तुझ्यावर."

"इट्स ओके, आँटी."

ओके नव्हतं. "इट्स ओके" कोण म्हणतं आणि का म्हणतं, हे मला चांगलं माहीत आहे. मी डबा पुढे केला. तिनं एक शंकरपाळा उचलला, एकच, आणि शिष्टाचारानं खाल्ला. मी वर निघून आले. पुढच्या आठवड्यात तिनं दोन घेतले. ती तीनपर्यंत पोहोचली नाही, आणि मी आग्रह केला नाही. आग्रह करणं हा माझा स्वभाव आहे, तेव्हा याला तुम्ही तपश्चर्या म्हणायला हरकत नाही.

स्पर्धेच्या शेवटच्या मॅचला मी लेकीबरोबर प्रेक्षकांत बसले. राखीव मुलीला बाकावर बसता येत होतं, पण ती म्हणाली, बास झालं बाक. उंच मुलीनं पहिली बास्केट टाकली तेव्हा लेक उठून ओरडली. माझे हात मांडीवरच राहिले. दुसऱ्या बास्केटला ते थोडे हलले. शेवटी आमची टीम दोन पॉइंटनी जिंकली तेव्हा मीही ओरडत होते, पण टीमसाठी. कोचसाठी नव्हे. हे नोंदवून ठेवा.

मॅचनंतर मुली वर आल्या, डब्यावर तुटून पडल्या. सगळ्यांची पांगापांग झाल्यावर कोच आला. घामेजलेला, खूश, आणि थोडा बिचकत.

"आँटी, मला आज काही नाही?"

मी डब्यात पाहिलं. तळाशी चुरा होता. मोडके तुकडे, साखरेची पूड, जे आपण घरच्या घरी चमच्यानं खाऊन टाकतो आणि पाहुण्याला कधीही देत नाही. माझी आई असती तर म्हणाली असती, दारात आलेल्याला असं देऊ नये. मी डबा बंद केला आणि त्याला द्यायला उचलला, चुऱ्यासकट.

तेवढ्यात लेकीनं तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुढे केला. डाव्या हातानं.

कोचनं डबा घेताना त्या हाताकडे पाहिलं. मग तिच्याकडे. यावेळी मात्र तो बराच वेळ पाहत राहिला.

मग त्यानं झाकण उघडलं.